वसंताचे पॉइंट

आष्टीच्या स्टँडजवळ वसंताचं कॉम्प्युटर टायपिंगचं दुकान होतं. अर्ज, लग्नपत्रिका, काय म्हणाल ते सुबक छापून द्यायचा. बोलायची मात्र पंचाईत. पहिलंच अक्षर घशात अडायचं, जबडा नुसता हलायचा. लोकांना कुठला धीर? त्याचं वाक्य स्वतःच पुरं करून, तेही चुकीचं, मोकळे व्हायचे. एक त्याची आई कडूबाई तेवढी हातातलं काम ठेवून थांबायची. "बोल निवांत," म्हणायची.

दोन हजार तीनच्या सुमाराला जालन्याहून कुणीतरी त्याला खेळाची सीडी आणून दिली. खेळात आधी आपला गडी घडवायचा. मोजके पॉइंट मिळायचे. ताकदीला द्या, तलवारीला द्या, नाहीतर बोलण्याला. एकदा दिले की परत घेता येत नव्हते. वसंतानं सगळेच्या सगळे बोलण्याला देऊन टाकले.

"येडा का खुळा तू?" शेजारचा रेडिओवाला भुजंग म्हणाला. "तुझ्या गड्याला कुत्र्यानं फाडलं की रे! तलवारीला दे थोडे."

वसंता हसायचा. त्याचा गडी कुत्र्यापुढं मरायचा खरा, पण राजाच्या पहारेकऱ्याला शब्दानं गुंडाळून वाड्यात शिरायचा. आणि पडद्यावरची माणसं, वसंता उत्तर निवडेपर्यंत, गुमान उभी राहायची. ते त्याला फार आवडायचं.

त्या वर्षी वडील गेले आणि वाटणीची बैठक बसली. शेत, घर, सगळं तंटा न होता सुटलं. मंग चुलते आबाराव म्हणाले, "आता म्हातारीचं बोला."

थोरला भाऊ साहेबराव शहागडला हायवेवर हॉटेल चालवायचा. "मी नेतो," तो म्हणाला. "भाकरीला बाई टिकून न्हाई राह्यली. आईचा हात बसलेला हाय."

कडूबाईला आधीच दमा. दिवसभर हॉटेलातल्या चुलीच्या धुरात ती किती टिकणार, हे वसंताला कळत होतं. आबारावांनी विचारलं, "वसंता, तुझं काय?"

आई माझ्यापाशी राहील. एवढंच म्हणायचं होतं. पण 'आ' सुटेना. मानेच्या शिरा फुगल्या. लिहून द्यायचं की, तुम्ही म्हणाल. भरल्या बैठकीत चिठ्ठी दिली असती तर भावकी वर्षभर हसली असती, आणि त्या हसण्याला तो भ्यायला. आबाराव जरा थांबले. "काही म्हणत न्हाई, म्हंजी कबूल हाय. बराबर?" सगळे चहाकडं वळले.

कडूबाई आत चुलीपाशी होती. तिला त्याचा हलणारा जबडा दिसला नाही. नुसतं त्याचं गप्प राहणं ऐकू आलं.

वसंता लाजेनं दुकानात जाऊन बसला, तो घरी आलाच नाही. रात्रभर त्याचा गडी एकेकाला पटवत फिरला.

सकाळी दारात टेम्पो उभा. गाठोडं वर चढलेलं, आई ड्रायव्हरशेजारी. वसंता धावत आला आणि टेम्पोच्या दाराला धरून उभा राहिला. साहेबराव म्हणाला, "चल जल्दी."

"थांब रे," कडूबाई म्हणाली. "त्याला बोलायचंय."

इंजिन धडधडत राहिलं. साहेबरावानं दोनदा घड्याळ बघितलं. कडूबाई मात्र वसंताच्या तोंडाकडं बघत बसली, नेहमीसारखी.

"आ... आ... आई. माझ्यापाशी... राहा."

तिनं सगळं ऐकून घेतलं. पदरानं त्याचं तोंड पुसलं.

"हे काल बोलायचं व्हतं रे राजा," ती म्हणाली. "आता चार माणसांत ठरलंय."

टेम्पो शहागडच्या रस्त्याला लागला.