श्रावणचे दोन आवाज

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या बसस्टँडवर गाड्या पुकारणाऱ्या श्रावणचे दोन आवाज होते. माइकवर भारदस्त हिंदी, घरी आपली बोली. त्यांची सरमिसळ तो होऊ देत नसे.

एकदा रामाकोन्याची म्हातारी जयवंता, डोळ्यांच्या ऑपरेशनला नागपूरला जायचंय असं त्याला सांगून, चुकून छिंदवाड्याच्या गाडीत बसली. आज पोचली नाही तर तारीख हुकणार होती.

"यात्रीगण कृपया ध्यान दें, यह बस छिंदवाड़ा जाएगी," श्रावणने दोनदा पुकारलं. म्हातारी ढिम्म. गाडी सुरू झाली, तसा तो माइकवरच घरच्या आवाजात ओरडला, "जयवंतामाय, कुठं जाऊन राहिली वं? उतर, थे छिंदवाड्याची होय."

स्टँड हसला. म्हातारी उतरली.

"आधीच असं बोलाचं ना, बापा. मले वाटलं, रेडिओ लागला."