अकरा गाड्यांच्या किल्ल्या

उघड्या दाराची कडी वाजवणारा माणूस वाडीतला नसतो, हे मथुराला पक्कं ठाऊक होतं. वाडीतला माणूस ‘अगो, हायस काय घरात?’ म्हणत सरळ चुलीपर्यंत येतो. म्हणून गुरुवारी सकाळी कडी वाजली तशी तिने तव्यावरची भाकरी उतरवली, कुकरखालचा गॅस बारीक केला आणि पदराला हात पुसत ती बाहेर आली.

दारात ग्रामपंचायतीच्या रेणुका मॅडम होत्या. छातीशी फाईल, पण नजर अंगणाकडे. तिथे फणसाखाली नारळाच्या झापांच्या मांडवात अकरा गाड्या ओळीने उभ्या होत्या. सात स्कूटरी, दोन मोटारसायकली, एक रिक्षा आणि एक पांढरी व्हॅन.

“गंगाराम आहेत का?”

“हायत की. त्या रिक्षाखाली बगा. पाय दिसतायत ते आमचेच.”

पायांमागून हळूहळू गंगाराम बाहेर आले. चौतीस वर्षं एसटीच्या आगारात मेकॅनिक म्हणून काढलेला माणूस. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी अजून खांद्यावर तेलाचं फडकं असल्याशिवाय त्यांना अंगात सदरा घातल्यासारखं वाटत नसे.

गाड्यांचं हे सगळं सुरू झालं वरच्या वाडीतल्या राजेंद्रपासून. मुंबईला परत जाताना तो मोटारसायकल घेऊन दारात आला. “काका, उघड्यावर ठेवली तर गंजून जाईल. पुढच्या गणपतीपर्यंत सांभाळाल?” भाट्याच्या किनाऱ्याकडून येणारा खारा वारा चार महिन्यांत लोखंड खातो, हे गंगारामांना सांगायला नको होतं. त्यांनी गाडी चिऱ्यावर चढवली, बॅटरीची वायर काढली, उंदरांसाठी सीटखाली डांबराच्या गोळ्या ठेवल्या. दर रविवारी एकदा सुरू करून कानाने तपासली. गणपतीला राजेंद्रने किक मारली आणि गाडी पहिल्या झटक्याला बोलली. मग काय, शिमग्यापर्यंत आणखी तीन आल्या. कुणी गणपतीला येणारे, कुणी बुद्धजयंतीला, कुणी बोटीवरून सुटी मिळेल तेव्हा.

किल्ल्या गंगारामांनी सैपाकघरात टांगल्या, चुलीच्या बाजूच्या भिंतीवर, बाबासाहेबांच्या फोटोखाली. तिथे ऊब असते, किल्ली गंजत नाही, एवढाच त्यांचा हिशेब. पण त्यामुळे झालं असं, की किल्ली हवी असेल त्याला सैपाकघरात यावं लागे. मथुरा लग्न होऊन आली तेव्हा वरच्या वाडीतली माणसं बांधावर उभं राहून हाक मारत, अंगणात पाऊल टाकत नसत. त्यांचीच मुलं, नातवंडं आता चपला काढून आत येत, पाटावर बसत, “काकू, चहात साखर कमी हां,” म्हणत आणि निघताना भिंतीवरून आपली किल्ली काढून घेत. मथुराने हे कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. यांनाही नाही.

“तक्रार आली आहे,” रेणुका मॅडम ओट्यावर बसत म्हणाल्या. त्यांनी फाईलमधून नोटीस आणि एक फोटो काढला. फोटोत स्कूटरच्या हँडलला सुतळीने बांधलेला पुठ्ठा होता. त्यावर नाव आणि मोबाईल नंबर. “प्रत्येक गाडीला असा नंबर. म्हणजे विक्रीच ना?”

मथुराने कपाळाला हात लावला. “बगा! मी म्हटलेलं, पुठ्ठे नकोत म्हणून.”

गंगाराम ओशाळले. “तसं नाय मॅडम. दोन काळ्या स्कूटरी हायत, जुळ्या बहिणींसारख्या. गेल्या वर्षी एकीची किल्ली दुसरीच्या मालकाला दिली मी. तो थेट केळशीला जाऊन आला. म्हणून मालकाचं नाव लिवलं.”

“एकही विकली नाही?”

नेमकी तेव्हा कुकरने शिट्टी दिली. मथुरा आत जायला वळली आणि तिथेच थबकली.

“एक विकली,” गंगाराम म्हणाले. “राजेंद्रची. त्याने नवीन घेतली, म्हणाला, बगा कुणाला हवी तर. आपल्या वाडीतल्या सदूला दिली जमवून. मी काय घेतलं नाय.” मग जरा थांबून, आत बोट दाखवत, “हा कुकर तेवढा त्याने पाठवला.”

रेणुका मॅडमना हसू आवरेना. पण हसून झाल्यावर त्या नोटिशीवर हात ठेवून म्हणाल्या, “काका, तुमच्याबद्दल कुणाचं वाईट मत नाही. पण नियम सगळ्यांना सारखा. राहत्या जागेत दुसऱ्यांची वाहनं साठवायची नाहीत, विकायची नाहीत. खालच्या रस्त्याला एकाने घरापुढे गाड्या लावून धंदा मांडला, आणि बाळंतीण घेऊन निघालेली ॲम्ब्युलन्स अर्धा तास अडकली. त्याला उठवायचं आणि तुम्हाला ठेवायचं, असं मला करता येणार नाही.”

“आमच्या गाड्या रस्त्यावर नायत!” मथुरा म्हणाली. “फणसाखाली हायत. फणसाची तक्रार नाय, मग माणसांची का?”

“म्हणून तर नुसती नोटीस द्यायला आले नाही, काकू. जुन्या बाजाराची शेड रिकामी आहे, ती जागा गाड्यांसाठी मंजूर आहे. पंधरा दिवसांत तिथे हलवा. देखभाल काकांनीच करायची, तसा ठराव मी मासिक सभेत मांडते. किल्ल्या शिपायाकडे, पंचायतीच्या कपाटात. ज्याला हवी तो सही करून नेईल.”

वाईट काहीच नव्हतं त्यात. शेड पक्की होती, पत्र्याची. तरी मथुरा आत गेली, कुकर उतरवला आणि उगाच भिंतीकडे बघत उभी राहिली. अकरा खिळे. सणाच्या दिवशी दारातून कोण येईल आता? पंचायतीच्या कपाटाशी चहा कोण पितं?

बाहेर गंगारामांनी नोटीस हातात घेतली. या माणसाने आगारात कधी सोयीची पाळी मागितली नाही, सासरवाडीत कधी दुसऱ्यांदा भात मागितला नाही. मथुराला वाटलं, आता ‘बरं’ म्हणतील आणि सही करतील.

त्यांनी सही केलीच. पेन परत दिलं, फडक्याने हात पुसले आणि सैपाकघराच्या दाराकडे, तिच्याकडे, एकवार पाहिलं.

“गाड्या हलवतो मॅडम, पंधरा दिवस पण नकोत,” ते म्हणाले. “किल्ल्या तेवढ्या आमच्या सैपाकघरात राहू देत.”