बस्त्यासोबतचा डबा

टीव्हीला जोडून खेळायचा गेमिंग कन्सोल आपण नागपुरातच बनवू शकतो, असं मला वाटलं. आणि मला एकदा काही वाटलं की मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. हुडकेश्वरला एक गाळा भाड्याने घेतला. यंत्र माझं, आतले खेळ बायकोने लिहिलेले. कॅरम, लगोरी, रमी असे घरातलेच खेळ तिने इतके झकास केले होते की बघणारा खुर्ची पुढे ओढून बसायचाच. विकत मात्र घ्यायचा नाही.

परदेशी कंपन्यांशी आपली लढाई आहे, हे मी दिसेल त्याला ऐकवायचो. लग्नाच्या पंगतीत, बँकेत, मनीषनगरच्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्येसुद्धा. त्या कंपन्या यंत्र तोट्यात विकतात आणि मग खेळांवर वसूल करतात, आम्ही मात्र एकही नग फुकट दिलेला नाही, हे माझं ठरलेलं भाषण. खरं म्हणजे आम्ही अस्तित्वात आहोत हेच त्या कंपन्यांच्या गावी नव्हतं. ज्याच्याकडे पैसे होते तो त्यांचं यंत्र घ्यायचा, ज्याच्याकडे नव्हते तो मोबाइलवर खेळायचा. शहरातल्या मोठ्या दुकानदारांनी आमचा माल परत पाठवला होता.

माल जात होता तो फक्त गांधीबागेत. तिथे माझ्या काकाजींचं, म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाचं, कापडाचं दुकान आहे. साड्यांच्या दुकानात कन्सोल ठेवायची कल्पना माझी होती, आणि ती चालली म्हणून मी चांगलाच फुगलो होतो. लग्नसराई लागली तसे काकाजी जास्तच माल मागवू लागले. मी रोज फोन करून आज किती गेले ते विचारायचो. काकाजी सांगायचे.

बायकोला पुण्याच्या एका कंपनीत नोकरी मिळत होती. गाळा बंद करू, असं ती किती दिवसांपासून म्हणत होती, आणि दर वेळी मी तिच्या तोंडावर गांधीबाग फेकायचो. शेवटी ज्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिला हो की नाही ते कळवायचं होतं, त्या दिवशी दुपारी मी म्हटलं, थांब, गिऱ्हाइकाच्या हातात आपल्या कन्सोलचा डबा असलेला फोटोच पाठवतो तुला. मग सांग.

मी गांधीबागेत पोचलो तेव्हा काकाजींच्या दुकानात लग्नाचा बस्ता बांधणं चाललं होतं. नवरीकडची सगळी मंडळी गादीवर बसली होती. समोर नवरीच्या साड्या, मानपानाची लुगडी, टॉवेल-टोप्या असा ढीग. काकाजींची माझ्याकडे पाठ होती. हिशेब आटोपला आणि त्यांनी त्या ढिगावर आमचा एक डबा ठेवला. मी आनंदाने मोबाइल काढला.

नवरीचे वडील म्हणाले, "हे राहू द्या शेटजी. माझ्या साळ्याले बी दिलं होतं तुम्ही, तसंच पडून आहे. याच्या बदल्यात दोन टॉवेल टाका."

फुकटच आहे, घरची पोरं खेळतील, न्या, असं काकाजी त्यांना समजावत होते. अगदी गळ घालत होते.

म्हणजे माझं गांधीबाग ते हे होतं. प्रत्येक बस्त्यासोबत एक यंत्र फुकट, आणि त्याची किंमत काकाजींच्या खिशातून. आणि फुकटातसुद्धा ते दोन टॉवेलांपुढे हरत होतं. मला इतकी लाज वाटली की ती झाकायला मी जे हाताशी होतं ते वापरलं, म्हणजे राग. पुढे झालो आणि सगळ्यांदेखत ओरडलो, "काहून केलं तुम्ही असं? मी काय भिकारी वाटलो तुम्हाले?"

नवरीच्या आईने हातातली साडी खाली ठेवली.

काकाजींनी चष्मा काढला. "तू रोज फोन करून राहिला होता गा," ते हळूच म्हणाले. "एक बी नाही गेला, असं मले म्हणवत नव्हतं."

यावरही मी काहीतरी बडबडलोच. मग पायऱ्या उतरलो, दुकानासमोरच्या हातगाड्यांच्या आडोशाला उभा राहिलो आणि बायकोला फोन लावला. म्हटलं, नोकरीला हो कळवून टाक. तिने विचारलं, काय झालं. मी डब्याचं सांगितलं, टॉवेलांचं सांगितलं. आता ती इतक्या दिवसांचं सगळं काढेल अशी मी तयारी केली होती. तिचा तो हक्कच होता.

तिने एवढंच विचारलं, "तू काकाजीले काही बोलला तर नाही ना?"

पाठीमागे दुकानात काकाजी त्या मंडळींची माझ्या वतीने माफी मागत होते, ते मला रस्त्यावर ऐकू येत होतं.