मावशीच्या बर्फात माझे ग्लोव्ह्ज

मंडळी, बाईकवर स्पितीला निघालोय. थंडीसाठी वॉटरप्रूफ ग्लोव्ह्ज घेतले, पण घाटकोपरच्या उकाड्यात ते तपासायचे कुठे?

आई म्हणाली, "चल मावशीकडे." मावशी म्हणजे आमची नेहमीची कोळीण.

आज सकाळी ग्लोव्ह घालून तिच्या माशांच्या बर्फात हात खुपसला. पाच मिनिटांनीही आत कोरडा, गरम. झकास!

मग मावशीने तो ग्लोव्ह हक्काने मागून घेतला, हातात चढवून बर्फात घातला. "अगो बाय, गारच लागत नाय रे!" आणि हात बाहेर काढेचना.

लहानपणापासून तिच्याकडून मासे घेतोय. तिचे हात गारठत असतील, हे कधी सुचलंच नाही.

शेवटी तिने ग्लोव्ह परत दिला. "यात कोयता धरवत नाय."

कोयता धरता येईल असे पातळ, उबदार, वॉटरप्रूफ ग्लोव्ह्ज कुठे मिळतील, सांगा ना. तिच्या हाताचं माप घेऊन आलोय.