मॉक ड्रिलची दवंडी

परवा आमच्या उपकेंद्रात जे झालं, त्याने डोकं अजून भणभणतंय. मी केशोरीच्या पुढच्या एका गावात आरोग्यसेविका आहे. स्वाइन फ्लूसारखी साथ पुन्हा आली तर गावाने काय करायचं, त्याचं मॉक ड्रिल घ्या, असा वरून आदेश...

कोतवाल बुधाजीभाऊंना शंभरदा बजावलं, "खोटा पेशंट येणार आहे, कोणी गर्दी करू नका, अशी दवंडी द्या." यांनी काय द्यावी? "आज दवाखान्यात नाटक आहे होऽऽ!" त्यात दिवस मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा-नाटकांचे! आमच्या झाडीपट्टीत नाटक म्हटलं की आजारी माणूससुद्धा उठून बसतो.

दहाला बघते तर अख्खं गाव हजर. चटया अंथरून, चिवडा घेऊन, एकमेकांना खेटून! मी घसा फोडून सांगतेय, लांब बसा, तोंडाला रुमाल बांधा... तर पुढची आजी म्हणते, "तू बाजूले हो ना वं बाई, काही दिसून नाही राहिलं." कपाळावर हात मारून घेतला.

खोटी पेशंट म्हणजे आमची आशाताई, ती कॉटवर पडून हसतेय. तेवढ्यात गर्दीत सुनीता खोकायला लागली. पुण्याहून बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा महिना. खोकून खोकून पार वाकली आणि लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या! "पोरगी मस्त काम करून राहिली गा!"

खरं सांगते, मीही तिच्यावर ओरडणारच होते. पण बुधाजीभाऊ धावले. दर मंडईला स्टेजवर मरायचं काम त्यांच्याकडेच असतं. "बाई, हे नाटक नाही होय! ओठ पाहा तिचे, निळे पडून राहिले!"

ड्रिलची ॲम्ब्युलन्स दारातच होती. ड्रायव्हर म्हणतो, "मॅडम, मुझे तो बस गेट तक का ऑर्डर है." त्याला मी काय बोलले ते इथे लिहीत नाही... पण सुनीता गोंदियाला पोहोचली.

आज तिच्या आईचा फोन आला. ऑक्सिजन काढला, बाळही ठीक आहे. फोन ठेवून मी ढसाढसा रडले.

आणि दुपारी रिपोर्टवर शेरा आला... 'ड्रिल असफल. ॲम्ब्युलन्स परस्पर नेली. पुन्हा घ्यावे.' घ्या!

घेते ना. पण सुनीताची आई फोनवर म्हणाली, "चार दिवस तापाने पडून होती बाई, दवाखान्यात चल म्हटलं तर आयकेच ना. नाटक आहे म्हणून उठली."

बुधाजीभाऊ, पुढच्या वेळीही नाटकाचीच दवंडी द्या.