बटण तीनदा दाबलं

मंडळी, आज मळवलीत माझ्या हातून घोळ झाला.

आमची सून वेबसाइट बनवायला शिकते आहे. मी राखतो त्या बंगल्याच्या बुकिंगची तिची पहिली वेबसाइट उद्या मालकांना दाखवायची आहे. मला म्हणाली, "आबा, वापरून बघा."

कुलूप लावल्यावर मी ते तीनदा ओढून पाहतो. तसंच बुकिंगचं बटणही तीनदा दाबलं. एकाच शनिवारची तीन बुकिंग झाली.

"मोडलं गं मी समदं."

"न्हाई ओ आबा, बरंच झालं. उद्या मालकांम्होरं झालं असतं तर?"

तिने दुपारीच दुरुस्त केलं. आता एकदा दाबलं की बटण फिकं पडतं आणि 'नोंद झाली' असं दिसतं. तरी मी आणखी दाबून पाहिलंच.

तुमच्या घरी कुलूप ओढून पाहणारं कुणी आहे का? सुनेला अशी आणखी माणसं हवी आहेत.