बदललं की

राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात मी मॅनेजर म्हणून आलो, त्याच्या सहा वर्षं आधीपासून हे गृहस्थ तिथं होते. सगळ्यांचा कोड एकत्र करून गिऱ्हाइकाला द्यायचं तयार सॉफ्टवेअर बनवायचं, म्हणजे बिल्ड करायचं, हे काम त्यांचं. चपला टेबलाखाली काढून, खुर्चीवर मांडी घालून ते आपली जुनी स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांची स्वतः लिहिलेली यादी, चालवत आणि स्क्रीनवरची प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचत. मध्ये कुणी बोललं की हात वर करून गप्प करत. अहो, कॉम्प्युटर आहे, पोथी नव्हे!

ती स्क्रिप्ट त्यांच्याशिवाय कुणाला कळत नव्हती. ते आजारी पडले तर आम्ही काय करायचं? म्हणून तिच्याऐवजी कुणालाही वापरता येईल असं बिल्डचं नवं टूल घ्या, असा मी धोशा लावला. उत्तर एकच : "बदलू की, साहेब. घाई काय हाय?" असे चार महिने! शेवटी माझं डोकं फिरलं आणि मी सगळ्यांसमोर त्यांच्यावर आवाज चढवला. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "बदललं की."

त्यानंतर नव्या टूलनं बिल्ड किती झटपट होतं, हे मी प्रत्येक मीटिंगमध्ये सांगत सुटलो. ते शेजारी बसून मान डोलवायचे.

दिवाळीत ते कुरुंदवाडला गेले, तेव्हा मी नव्या टूलची फाइल पहिल्यांदा उघडली. आत कामाची ओळ एकच होती : जुनी स्क्रिप्ट चालव.

ते परत आल्या आल्या मी जाब विचारला, "अहो, निदान मीटिंगमध्ये तरी बोलायचं!"

चपला काढत ते म्हणाले, "चारचौघांत तुम्हास्नी खोटं कसं पाडायचं, साहेब?"